रायफल हवा का घेत नाही?

नेमबाजीवर येणारे प्रश्न एरवी श्वास, ट्रिगर आणि उभं राहण्याच्या पद्धतीबद्दल असतात. या वेळी मात्र बहुतेक पत्रं हवा भरण्याबद्दलच आली, म्हणून ती एकत्र घेतो. इथे रायफल म्हणजे पीसीपी, दाबाची हवा आधीच भरून ठेवायची ती. स्प्रिंगच्या एअरगनला यातलं काही लागू नाही.

प्रश्न : काकाजी, जुनी पीसीपी विकत घेतली, पूर्ण रिकामी होती. अर्धा तास झाला हातपंप मारून राहिलो, पण काटा जागचा हलत नाही आणि फुसफुस आवाज येते. फसलो का मी? (हिंगणा रोड)

उत्तर : बहुतेक नाही. आतला मुख्य व्हॉल्व्ह दोन गोष्टींमुळे बंद राहतो : एक बारीक स्प्रिंग आणि खुद्द आतल्या हवेचा दाब. रायफल रिकामी असली की उरते फक्त स्प्रिंग. त्यात हॅमर (ट्रिगर दाबला की व्हॉल्व्हवर आदळून तो उघडणारा ठोकळा) व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकलेला असेल, तर केसभर फट राहते. हातपंप एका दमात थोडीच हवा देतो, ती त्या फटीतून निघून जाते.

आधी रायफलची पुस्तिका बघा, कारण काही मॉडेलांत कॉक करून, म्हणजे हॅमर मागे अडकवून, हवा भरायला मनाई असते. तशी मनाई नसेल तर बॅरलमध्ये पेलेट (छर्रा) नाही याची खात्री करा, बॅरलचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, बोल्ट मागे ओढून कॉक करा आणि मग पंप मारा. हॅमर मागे गेला की व्हॉल्व्ह नीट बसतो. दाब ४०-५० बारवर गेला (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेइतका दाब) की पुढचं काम हवाच करते.

तरीही जमलं नाही तर आवाज कुठून येतो ते शोधा. बॅरलच्या तोंडापुढे टिश्यू पेपरची पट्टी धरा, बोट किंवा चेहरा कधीही नाही. पट्टी हलली तर मुख्य व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचरा आहे. रेंजवरच्या सिलिंडरनं एकदा १०० बारपर्यंत भरून, पेलेट न घालता दोन-तीन वेळा ट्रिगर दाबला की तो पुष्कळदा उडून जातो. पट्टी स्थिर राहिली आणि आवाज भरण्याच्या तोंडाशी असेल, तर प्रोबवरची, म्हणजे भरण्याच्या तोंडात घालायच्या टोकावरची, ओ-रिंग (रबरी कडी) कापलेली असणार. ती काही रुपयांची वस्तू. दोन-चार जास्तीच्या कायम डबीत ठेवा.

प्रश्न : आमच्या क्लबच्या दहा लिटरच्या सिलिंडरवर अजून १६० बार दिसतात, तरी रायफल २०० पर्यंत जात नाही. नळीत अडथळा आहे का? (मानेवाडा)

उत्तर : अडथळा नाही. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडेच जाते आणि दोन्हीकडे दाब सारखा झाला की थांबते. १६० च्या सिलिंडरमधून रायफल १६० च्या वर जाणारच नाही, आत कितीही हवा शिल्लक असो.

हिशोब करून बघा. रायफलची टाकी ०.२ लिटरची धरू. ती १०० वरून २०० बारला न्यायची तर वीस लिटर मोकळी (बाहेरच्या साध्या दाबाची) हवा लागते, म्हणजे दहा लिटरच्या सिलिंडरचा दाब दर वेळी २ बार उतरतो. वीसेक रायफली भरल्या की २०० चा सिलिंडर १६० वर येतो. क्लबकडे दोन सिलिंडर असतील तर प्रत्येक रायफल आधी कमी दाबाच्या सिलिंडरनं भरा आणि उरलेला शेवटचा टप्पा भरलेल्या सिलिंडरनं पूर्ण करा. बहुतेक ठिकाणी मुलं उलट करतात, थेट भरलेला सिलिंडर उघडतात, आणि आठवड्यात दोन्ही निम्मे होतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ती हवा पुन्हा भरून आणायला पालकांनाच धावावं लागतं.

आणि सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली चाचणीची तारीख वाचा. देशभरातल्या गॅस सिलिंडरांचे नियम जी संस्था बघते, त्या पेसोचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. नागपूरकराकडून तरी मुदत संपलेला सिलिंडर वापरला जाऊ नये. रायफलच्या स्वतःच्या टाकीलाही हेच लागू. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत ती मुदत जास्तीत जास्त १० वर्षं आहे आणि ती तपासण्याची जबाबदारी खेळाडूची आहे.

प्रश्न : संध्याकाळी २०० बार भरले, सकाळी १८५. गळती आहे का? (धरमपेठ)

उत्तर : भराभर भरलं असेल तर नाही. दाबताना हवा तापते आणि निवली की काटा उतरतो. सावकाश भरा, पंधरा मिनिटं थांबा, मग वरची कमी पुरी करा. त्यानंतरही रोज उतरत राहिलं तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

उन्हाळ्यात उलटं होतं. २५ अंशांच्या एसी खोलीत २०० बार भरलेली टाकी ४५ अंशांच्या उन्हात २१३ च्या आसपास जाते. एप्रिल-मेमध्ये १८० वर थांबा आणि रायफल बंद गाडीत ठेवू नका.

प्रश्न : पावसाळ्यात हातपंपातून पाणी निघतं. आत तेल सोडलं तर गंज टळेल का? मुलगी यंदा राज्य स्पर्धेची तयारी करतेय. (खामला)

उत्तर : ताई, तेल अजिबात नको. दाबानं हवा इतकी तापते की तेलाची वाफ पेट घेते, डिझेल इंजिनात होतं तसं. ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल एवढंच.

पाणी येतं ते हवेतूनच. २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २२ ग्रॅम पाणी असतं. तुमची टाकीही ०.२ लिटरची धरली तर ती रिकामीपासून २०० बारपर्यंत भरायला चाळीस लिटर हवा लागते, म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम पाणी. मेमधल्या आपल्या कोरड्या हवेत ते याच्या निम्म्याहूनही कमी असतं. म्हणून पावसाळ्यात एसी खोलीत पंप मारा, हवा आत घेण्याच्या तोंडाशी सिलिका जेलचा फिल्टर लावा आणि दर पन्नासेक दमांनी ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडायचा स्क्रू) उघडून पाणी बाहेर जाऊ द्या. पंप हाताला गरम लागला की थांबा. स्पर्धेआधीच्या दिवसांत शक्य असेल तर रेंजच्या कोरड्या हवेच्या सिलिंडरनंच भरा.

प्रश्न : ओळखीचे वेल्डर ऑक्सिजनचा सिलिंडर द्यायला तयार आहेत. चालेल? (इतवारी)

उत्तर : नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनला ग्रीसचा एक ठिपका पुरतो, रायफल हातात फुटते. कुणी आधीच भरला असेल तर त्या रायफलला हात लावू नका, कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला फोन करा.

प्रश्न : भरून झाल्यावर नळीचा जोड सुटतच नाही. पकड लावू का? (सक्करदरा)

उत्तर : पकड ठेवून द्या. जोड घट्ट आहे तो आतल्या दाबामुळे. सिलिंडरचा नॉब बंद करा, मग ब्लीड स्क्रू झटक्यात उघडा. एकदाच सूं होऊन आवाज थांबला तर नळी मोकळी झाली. आवाज थांबत नसेल तर हवा रायफलमधून परत येतेय, तिचा आत जाणारा व्हॉल्व्ह बसलेला नाही. स्क्रू लगेच बंद करा, नळीत पुन्हा दाब द्या आणि आणखी झटक्यात सोडा. व्हॉल्व्ह बसला की तोच जोड दोन बोटांनी सुटतो.