बैलाला आवतन

प्रिय रेवा,

रविवारी मी तुला पोळ्याचं रंगवून सांगत होतो. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचं. दुसऱ्या दिवशी पोळा फुटला की बैल थेट दारात, आजी त्यांचे पाय धुणार, पुरणपोळी भरवणार. तू मधेच विचारलंस, "बैल आणणारा माणूस कुठे जेवायचा?" मी म्हणालो, आपल्याकडेच. "आपल्याकडे कुठे?" मग मी भांडी घासायला उठलो.

तर, ओसरीत.

किसनाजी आमचे सालदार. पाडव्याला साल ठरायचं, इतकी ज्वारी, इतके रुपये, आणि पुढच्या पाडव्यापर्यंत बंडी, वखर, डवरा सगळं त्यांच्या हाती. मी आठ वर्षांचा, ते तुझ्या आबांच्या वयाचे, आणि मी त्यांना "ए किसना" म्हणायचो. "किसनाजी" मी आज लिहितोय.

त्यांचा कप वेगळा होता. निळ्या काठाचा, कान तुटलेला, ओसरीच्या वळचणीला कवेलूखाली खोचलेला. ते तो काढायचे, आजी वरून चहा ओतायची. पिऊन झालं की मी तांब्याने वरून पाणी घालायचो, ते विसळून पुन्हा खोचायचे. ते काम माझं होतं, आणि मला ते आवडायचं. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ चा. मी सांगतोय ते १९७७ चं.

आबा वाईट नव्हते, हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. तुकडोजी महाराजांची मोझरी आमच्यापासून जवळ. गावात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना व्हायची, तिथे सगळे एकाच सतरंजीवर, किसनाजीसुद्धा. पंजाबराव देशमुख १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिर सत्याग्रहात होते, हे आबा अभिमानाने सांगत. देऊळ उघडायलाच हवं, यावर त्यांचं दुमत नव्हतं. प्रार्थना संपली की दोघे एकाच कंदिलाच्या उजेडात घरी यायचे. ओसरीपर्यंत. कप आजीच्या राज्यातला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. आईवर ढकलणं सोपं असतं.

आणि हेही खरं, की किसनाजींच्या घरी कुणी आजारी पडलं तर आजी रात्री बंडी जुंपायला लावायची. पोळ्याला त्यांना नवं धोतर, पोरांसाठी पुरणाचा डबा. पण आवतन बैलांना. किसनाजींना ती म्हणायची, "थांब, जेवून जा."

१९५६ च्या दसऱ्याला, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली तेव्हा किसनाजी तिथे होते. त्याबद्दल आमच्या ओसरीत ते कधी बोलले नाहीत. फक्त पोळ्याला आजीने कुंकवाचा करंडा पुढे सरकवला की ते हसून तो बैलांकडे वळवायचे. मला वाटायचं, लाजतात.

त्यांचा मुलगा शिकून मास्तर झाला. चार वर्षांपूर्वी गावी गेलो तेव्हा त्यांच्याकडे जेवलो. किसनाजी तोवर भिंतीवरच्या फोटोत गेले होते. भाकरी वाढता वाढता मास्तर सहज बोलून गेले, "बाबा पोळ्याच्या दिवशी तुमच्याकडून येऊन घरी पुन्हा जेवत. आम्ही सारे थांबून राहत असू." पोट भरायचं नाही का, असं काहीतरी बावळट मी विचारलं. मास्तर म्हणाले, "भरत होतं ना." आणि मला अजून एक भाकरी वाढली.

बैल आता आमच्या गोठ्यातही नाहीत. भावाने ट्रॅक्टर घेतला, गोठ्यात स्प्रेपंप आणि खताची पोती असतात. तरी मी तुला दरवर्षी पोळा ऐकवतो, आणि किसनाजींना वगळून ऐकवतो. तू विचारलंस म्हणून ते आले.

पुढच्या शनिवारी इथल्या मंडळाच्या हॉलमध्ये तान्हा पोळा आहे. पोट्टे लाकडी बैल ओढत येतील. जायचं की नाही ते तू ठरव, मी आग्रह करत नाही. (थोडा करतोय.) तुझ्या बैलाचं मागचं चाक निखळलं होतं, खिळा ठोकून बसवलंय. बैल दारी आणणाऱ्याला बोजारा द्यायचा असतो. सुट्टे काढून ठेवलेत.

तुझा,
बाबा