घरात कापूस, गल्लीत फटाके

प्रश्न : ताई, आम्ही चोपडा तालुक्यातले. यंदा भाव नाही म्हणून ह्यांनी कापूस विकला नाही, पुढची खोली छतापर्यंत भरलीय, साधारण १५ क्विंटल असेल, मागे कडबा रचलेला आणि बाजूला गोठा. पोरं ६ आणि ९ वर्षांची, दिराने रॉकेट, सुतळी बॉम्ब सगळं आणून ठेवलंय. सासूबाई म्हणतात, वरीसमा एकदाव येस दिवाई, फोडू दे पोरेस्ले. मला तर रात्रभर झोप येत नाही. पूर्णच बंद करू का?

उत्तर : ताई, तुमची भीती खरी आहे आणि ती घरात सगळ्यांसमोर बोलून दाखवा, कारण कापसाची आग दिसते कुठे, ती आतून चालते. बोंडातून काढलेल्या कापसाच्या धाग्यात हवा खच्चून भरलेली असते, एक ठिणगी आत गेली की ज्वाळा न होता ती तासन्‌तास धुमसत सरकते. वरून बादली ओतली तरी कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असतं ना, त्यामुळे पाणी आत मुरतच नाही, ओघळून खाली जातं. माझ्या माहेरी शेजारच्यांच्या खळ्यात असंच झालं होतं, संध्याकाळी विझवला म्हणून सगळे जेवायला गेले आणि पहाटे पुन्हा धूर, मग ढीग उपसून उपसून अंगणात पसरला तेव्हा कुठे ती आग थांबली. म्हणून समजा ठिणगी पडलीच तर ढिगाची ती बाजू बाहेर ओढून, मोकळी करून भिजवायची, पाण्यात थोडी कपडे धुवायची पावडर टाकली तर पाणी कापसात लवकर शिरतं, आणि नंतर एक दोन दिवस लक्ष ठेवायचं. पण धूर खोलीत भरला असेल किंवा ज्वाळा दिसत असतील तर आत कोणीही जायचं नाही, माणसं आणि जनावरं आधी बाहेर, मग १०१ ला फोन. कापूस परत पिकतो ताई.

आता फटाक्यांचं. रॉकेट नाहीच, ह्यात मी जरासुद्धा ढील देणार नाही. ते कुठं जाईल हे सोडणाऱ्याच्या हातात नसतं, बाटली कलंडली की आडवं सुटतं, आणि तुमच्या घरचं नाही तरी चार घरं सोडून कोणाच्या तरी कडब्यावर पडतं. दिराला समजावून सांगा की ह्या दिवसात गावात बहुतेक घरी माल भरलेला असतो, नुसत्या आपल्या घराचा प्रश्न नाही. सुतळी बॉम्ब पण परत देता आले तर द्या, डब्याखाली ठेवून उडवायची जी हौस असते त्यात पत्र्याचे तुकडे उडून डोळे जातात.

पोरांना फुलबाजी, भुईचक्र, अनार एवढं पुरे, पण अंगणात नाही, मराठी शाळेच्या पटांगणात न्या, दोन बादल्या पाणी आणि एक घमेलं वाळू सोबत. फुलबाजीला लोक अगदी बाळाच्या हातात देतात, पण तिचं टोक हजार अंशाच्या आसपास तापतं आणि विझल्यावर पण तार चटका देते, त्यामुळे संपली की लगेच बादलीत. अनार लावताना कधीही वर वाकू नका, लांब अगरबत्तीने बाजूने पेटवा, तो कधीकधी फुटतो. पोरांना सुती कपडे घाला, नायलॉनचा घागरा वितळून अंगाला चिकटतो. कापसाच्या खोलीच्या खिडक्या, झरोके बंद करून फटींना ओलं गोणपाट लावा, आणि त्या खोलीत पणती, लायटिंगची माळ काहीच नको. बैल त्या संध्याकाळी कडब्यापासून लांब बांधा, आवाजाला भिऊन दावं तोडतात.

प्रश्न : मुलाचा हात भाजला तेव्हा आजीने टूथपेस्ट लावली, डॉक्टर रागावले. नेमकं काय लावायचं असतं? (धुळे)

उत्तर : काहीच नाही, फक्त नळाचं साधं पाणी, २० मिनिटं, घड्याळ लावून. मुलं रडतात, हात ओढतात, तरी धरून ठेवा. बर्फ नको, हळद, तूप, शाई काही नको, डॉक्टरला जखम दिसतच नाही मग. अंगठी, कडं लगेच काढा कारण सूज येते, चिकटलेला कपडा ओढू नका, स्वच्छ कापड झाकून दवाखान्यात न्या. डोळ्याला फटाका लागला असेल तर चोळू दाबू नका, वरून वाटीसारखं काहीतरी अलगद धरा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे, गाडी नसेल तर १०८. कपड्यांनीच पेट घेतला तर पळू देऊ नका, जमिनीवर लोळवा आणि घोंगडी टाका.

प्रश्न : ग्रीन फटाके आणले तर ही सगळी काळजी लागत नाही ना? आणि फुसका गेलेला पुन्हा पेटवला तर चालतो का? (नंदुरबार)

उत्तर : लागते दादा, तेवढीच लागते. ग्रीन फटाका नागपूरच्या नीरी ह्या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेने तयार केलेल्या फॉर्म्युल्याचा, त्यात धूर, धूळ साधारण ३० टक्के कमी, पण ठिणगी तीच आणि चटका तोच. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये दिवाळीत रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली आणि फटाक्यांच्या लडी पण बंद केल्या, ते पाळा. फुसक्याला हात लावायचा नाही, वात आतून जळत असू शकते, वीसेक मिनिटं थांबून लांबूनच पाणी ओता. सकाळी पोरं उठायच्या आधी तुम्ही स्वतः झाडू घेऊन जा, कारण न फुटलेले गोळा करून दारू कागदावर काढून पेटवायचा खेळ पोरं हमखास खेळतात आणि त्यात चेहरे भाजतात.