कणेरीला थांबायचं का? थांबा, आणि सासूबाईंना पुढं चालू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाताळच्या सुट्टीत पुण्याहून गाडीनं गोव्याला निघालाय. बरोबर १० आणि ६ वर्षांची पोरं आणि ७२ वर्षांच्या सासूबाई, त्याही माणदेशातल्या. वाटेत कोल्हापूरजवळ कणेरी मठाचं ते पुतळ्यांचं 'जुनं गाव' लागतं आणि गोव्यात लोटलीचं 'बिग फूट'. थांबण्यासारखं आहे का? एकानं तुम्हाला सांगूनही टाकलंय, "पुतळ्यांत काय बघायचं, सरळ आंबोली गाठा."

मी कोल्हापूरकडचा. घरी पाहुणे आले की त्यांना अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा आणि मग कणेरी, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. त्यामुळं कणेरीला किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. कंटाळून बाहेर बाकावर बसून राहिलोय आणि हरखून तीन तास फिरलोयसुद्धा. फरक पडला तो बरोबर कोण होतं त्यानं. म्हणून तुमच्या बाबतीत पहिली बेरीज मी सासूबाईंची धरतोय.

आधी एक गैरसमज. बरेच जण त्याला मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय म्हणतात. कोल्हापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात, उघड्या माळावर मेणाचा पाटील किती दिवस फेटा सावरून बसेल? पुतळे सिमेंटचे आहेत, माणसाच्या मापाचे, रंगवलेले. नाव सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय, सुरू झालं २००७ साली. कणेरी मठाचे सध्याचे मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामी, त्यांची ही कल्पना. मठ मात्र फार जुना. आधीचे काडसिद्धेश्वर महाराज (१९०५–२००१) हे सिद्धरामेश्वर महाराजांचे शिष्य, त्यामुळं त्या परंपरेतली मंडळी संग्रहालयासाठी नाही, मठासाठी येतात. तुम्हीही आधी देवळात जाऊन या, दहा मिनिटांचं काम आहे.

आत शिरताना गुहेसारखी वाट आहे. तिथं पतंजली, कणाद, वराहमिहिर अशी ऋषिमंडळी बसलेली. पोरं इथं थोडी कुजबुजतात, मग पळतात. बाहेर पडलं की एकदम गाव. पार, वाडा, विहीर, शेत, लोहाराची भट्टी, कुंभाराचं चाक, तेलघाणा, विणकर, सोनार, कासाराकडं हात पुढं करून बसलेल्या बायका, झाडाखाली गुडघ्यात मान घातलेलं गिऱ्हाईक आणि वस्तरा धरलेला न्हावी. ६ वर्षांच्या मुलाला न्हाव्यापाशी हमखास हसू फुटतं.

गंमत अशी की पुतळे कसबी हातांनी केलेत. एखाद्या म्हातारीच्या गळ्याच्या शिरा, नांगराच्या रुमण्यावर रेटलेला हात, हे बघत उभं राहावं असं आहे. आणि लगेच शेजारी तुमच्यासारखंच एक कुटुंब त्या म्हातारीच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी घेत असतं. हे दोन्ही एकदम चालू असतं, त्याला इलाज नाही.

आता मोटेकडं या, म्हणजे बैलांकडून विहिरीचं पाणी ओढायची चामड्याची मोठी पिशवी. मी २००८ च्या सुमारास वडिलांना घेऊन गेलो होतो. त्यांचं सगळं आयुष्य शेतीत गेलं. इंजिन येईपर्यंत मोट हाकलेली. बाकीचं गाव त्यांनी लग्नातल्या पाहुण्यासारखं नुसतं मान हलवत पाहिलं. मोटेपाशी आले आणि थांबले. दोन-तीन मिनिटं काही बोलले नाहीत, मग मला म्हणाले, "चाक कुरकुरत न्हाय व्हय हितलं?"

मग त्यांनी मला मोट समजावली. शेतकऱ्याचा मुलगा असून मला ती तोवर नीट माहीत नव्हती. दोन दोर असतात. जाड तो नाडा, तो वरच्या चाकावरून जातो आणि मोटेचं सगळं वजन ओढतो. बारीक तो सोंदूर, तो मोटेच्या सोंडेला बांधलेला आणि खालच्या लाटेवरून, म्हणजे फिरत्या आडव्या लाकडावरून जातो. बैल उताराच्या धावेवरून खाली चालत जातात तशी मोट वर येते, आणि हाकणारा नाड्यावर बसतो, म्हणजे त्याचं वजनही ओढीला लागतं. वर येईपर्यंत सोंड मोटेबरोबर उभी असते म्हणून पाणी सांडत नाही. मोट थारोळ्याच्या, म्हणजे विहिरीकाठच्या कुंडाच्या, वर आली की सोंड पुढं थारोळ्यात ओढली जाते आणि पाणी भसकन ओतलं जातं, तिथून पाटात. मग बैल त्याच धावेवरून मागं मागं चढत यायचे, तोंड फिरवायचं नाही. "बैलाला मागं चालायला शिकवायला एक हंगाम जायाचा," वडील म्हणाले. पहाटे चारला मोट धरायची आणि ऊन चढलं की सोडायची. हे सांगताना त्यांचा हात नाडा धरल्यासारखा मुडपलेला होता. मागं शाळेची सहल उभी होती, त्यातली पाच-सहा पोरं आमच्या भोवती कधी जमली ते कळलं नाही.

माणदेश म्हणजे पाण्याला महाग असलेला मुलूख. सासूबाईंनी मोटेचं किंवा आडाचं पाणी पाहिलेलं असणारच. म्हणून सांगतो, त्यांना पुढं चालू द्या, फलक वाचू नका, गाईडही करू नका. त्या जिथं थांबतील तिथं थांबा. पोरांना काय विचारायचं ते विचारू दे. माझ्या पुतणीनं लोहारापाशी विचारलं होतं, बैलाला नाल किती लागतात? मी घोड्यासारखे चार म्हणालो. आमची आत्या हसली. बैलाचा खूर दुभंगलेला, एकेका पायाला दोन, म्हणून पत्र्या आठ. आत्या चौथीपर्यंत शिकलेली. त्या दिवशी पोरांनी पुढच्या प्रत्येक देखाव्यापाशी मला वगळून तिलाच विचारलं.

एवढं कौतुक केल्यावर एक खटकणारी गोष्टही सांगायला हवी. मुघलांच्या आधीचं स्वयंपूर्ण, सुखी गाव अशी या संग्रहालयाची मांडणी आहे. पण मला तिथली भांडी, फेटे, नेसणं बघून ते माझ्या पणजोबांच्या काळातलं गाव वाटतं. तेही चालेल. खरी अडचण 'सुखी' या शब्दाशी आहे. बलुतेदार म्हणजे सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट, न्हावी, गुरव, जोशी, महार, मांग, कोळी वगैरे. यादी गावागणिक थोडी बदलते. वर्षभर गावाची कामं करायची आणि सुगीला खळ्यावर आपल्या वाट्याचं धान्य न्यायचं, याला बलुतं म्हणत. पैसा मधे नाही, हे ऐकायला छान वाटतं. पण कोण किती देणार हे देणारा ठरवायचा, आणि काम नाकारायची सोय नव्हती. महार-मांगांची घरं गावकुसाबाहेर असत, पाणवठा वेगळा. ते गावकूस मला तरी कणेरीत दिसलं नाही. तिथं सगळे कसे शेजारी-शेजारी, हसतमुख.

आणि हे कोल्हापुरात! राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली याच संस्थानात महार वतन रद्द केलं, कुलकर्णी वतन मोडून तलाठी आणले. बाकीच्या मुंबई राज्यात महार वतन कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. ही व्यवस्था एवढी गोड असती तर महाराजांना ती मोडायची काय पडली होती? तुमचं १० वर्षांचं लेकरू इतिहासाच्या पुस्तकात शाहू महाराज वाचेलच. तेव्हा पारावरच्या पंचायतीच्या देखाव्यापाशी हा प्रश्न त्याच्यापुढं टाका. सासूबाईंना काय आठवतं तेही विचारा, पण हे पोरांसमोर नको, रात्री निवांत.

वेळेचं बोलायचं तर कणेरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीच्या अंगाला आहे. महामार्गावरून फाटा आहे, पाट्या आहेत, चुकणार नाही. डिसेंबरात शाळांच्या सहलींच्या एसट्या ओळीनं लागतात आणि दहा-साडेदहानंतर लोहारापुढं तीन रांगा असतात. म्हणून आदल्या रात्री कोल्हापुरात मुक्काम करा आणि उघडता उघडता आत जा. सिमेंटच्या माणसांवर सकाळचं तिरकं ऊन पडलेलं असताना ती सगळ्यात जिवंत दिसतात. दोन-अडीच तास धरा. चालणं भरपूर आहे, सासूबाईंच्या पायात सवयीची चप्पल असू दे. आवारात पोरांच्या करमणुकीची आणखी दालनं झालीत. माझ्या मते ती टाळा, नाहीतर पोरांना गाव विसरून तेवढंच लक्षात राहतं.

पुण्याहून येताना साताऱ्याच्या अलीकडं लिंब-शेरीला बारामोटेची विहीर आहे, वाट थोडी वाकडी करावी लागते. वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली. खाली उतरायला जिना, आत छोटेखानी महाल, आणि वर मोटांच्या जागा अजून तशाच. ही आदल्या दिवशी पाहिली तर कणेरीतला सिमेंटचा बैल कुठल्या खऱ्या दगडावरून चालत होता हे पोरांना कळेल. मी स्वतः हा क्रम नेहमी उलटा केला आणि पस्तावलो.

दुसरं म्हणजे गुऱ्हाळ. डिसेंबरात करवीर-कागल पट्ट्यात गुऱ्हाळं पेटलेली असतात. कणेरीतून निघाल्यावर वाटेत कुठं पांढरा धूर आणि चिपाडांचा ढीग दिसला की गाडी थांबवा, "बघू का" म्हणून विचारा. कोणी नाही म्हणत नाही. चुलवाणात चिपाडं लोटणारा, काहिलीवरची मळी काढणारा, भेंडीचं पाणी घातल्यावर रस कसा निवळतो ते, आणि पाक आला का हे नुसत्या बोटांवर जोखणारा गुळव्या. पुतळ्यांच्या गावातून निघून अर्ध्या तासात हे बघितलं की पोरांच्या तोंडचं पहिलं वाक्य असतं, "हे हलतायत!" काकवीची बाटली घ्या, पण झाकण घट्ट लावून. आमच्या गाडीच्या मागच्या सीटला मुंग्या अजून जुनी ओळख सांगतात.

आता लोटली. कणेरीच्या अपेक्षेनं जाऊ नका. मडगाव-फोंडा रस्त्यावर, बोरीचा पूल ओलांडला की जवळच. महेंद्र आल्वारिस यांनी १९९५ मध्ये उभं केलेलं, शंभर वर्षांपूर्वीचं छोटेखानी गोव्याचं गाव. मासेमाराचं घर, बाजार, तावेर्न म्हणजे दारूचा गुत्ता, झरा. आकारानं लहान, कारागिरी साधी. खरी ओढ दोन विचित्र गोष्टींची.

एक म्हणजे ते पाऊल. दंतकथा अशी: महादर नावाचा श्रीमंत माणूस सगळं दान करून बसला, बायको गेली, देवाकडं मागितली फक्त प्रार्थनेपुरती जागा. मिळाला तो एकच पाय मावेल एवढा खडक. त्यावर तो एका पायावर उभा राहिला, देवानं उचलून नेईपर्यंत. खडकावर पाऊल उमटलं. चांगल्या मनानं त्यावर उभं राहिलं की नशीब फळफळतं म्हणतात. पोरांची रांग लागते, मोठेही हळूच उभे राहतात. मीही राहिलो. पुढच्या तासाभरात गाडी पंक्चर झाली.

दुसरी गोष्ट मात्र खरोखर बघण्यासारखी. जमिनीतल्या जांभ्या दगडात आडवी कोरलेली संत मीराबाई, सुमारे १४ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. आल्वारिस यांनी ती १९९४ मध्ये ३० दिवसांत कोरली आणि लिम्का बुकात तिची नोंद झाली. तीस दिवस ऐकून शंका येते. पण जांभा जमिनीत असताना मऊ असतो आणि वारा लागला की टणक होतो. कोकणात चिरे काढणाऱ्याला विचारा, तो सांगेल. जवळून बघितलं तर नुसते खड्डे-उंचवटे दिसतात, वरच्या बाजूनं बघितलं की एकतारीसकट बाई उमटते. तेव्हा पोरांना आधी खाली उभं करून "हे काय आहे ओळखा" म्हणा आणि मग वर न्या. ख्रिस्ती घरातल्या माणसानं गोव्यातल्या सासष्टीच्या चिऱ्यात राजस्थानची मीरा कोरावी, याचं सासूबाईंना मात्र विशेष वाटणार नाही. त्या हात जोडतील आणि पुढं जातील.

लोटलीला तास पुरे. जुन्या अवजारांचा गंभीरपणे केलेला संग्रह बघायचा असेल तर बाणावलीचं गोवा चित्र जास्त सरस आहे, पण ६ वर्षांच्या पोराला घेऊन नको.

वेळ एकाच ठिकाणचा असेल तर कणेरी, डोळे झाकून. तिथून निपाणी, आजरा करत आंबोली. गुऱ्हाळात जास्त रमला नाहीत तर घाट उजेडात उतराल. अंधारात तिथं धुकं धरलं तर वळणावर समोरचा दिवा दिसत नाही. सावंतवाडीत मुक्काम करा. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाआधी लोटलीत असाल.