चालायला गेल्यावर दोन्ही हात सुजतात, घाबरण्यासारखं आहे का?

तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी तासभर चालता, अर्ध्या वाटेत दोन्ही हातांची बोटं सुजतात, मूठ वळत नाही, आणि घरी येऊन चहा होईपर्यंत सूज उतरलेली असते. किडनीचं किंवा हृदयाचं दुखणं तर नसेल, ही तुमची भीती. मी डॉक्टर नाही, पण याच भीतीतून गेले आहे म्हणून लिहिते.

मी साताऱ्याची. रोज पहाटे अजिंक्यतारा चढते. पहिल्याच उन्हाळ्यात मंगळाईच्या देवळाशी पोचले तेव्हा बोटं टम्म झालेली. पेरांवरच्या सुरकुत्या गायब, अंगठीच्या दोन्ही बाजूंनी मांस वर आलेलं. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठलं. त्यांनी बीपी बघितलं, पायांवर बोट दाबून पाहिलं, रक्त-लघवी तपासून घेतली. सगळं ठीक निघालं.

मग त्यांनी समजावलं. चालताना रक्ताची खरी गरज हृदयाला, फुप्फुसांना आणि पायांच्या स्नायूंना असते. हातांच्या वाट्याला कमी येतं, म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. अंग तापलं की उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीजवळ येतं, त्यानेही त्या फुगतात. त्यात हात सारखे खाली लोंबत असतात. पायांत पोटऱ्या आवळतात नि रक्त वर ढकलतात, रिकाम्या हाताला तसा जोर मिळत नाही.

हे मला पटलं ते काठीमुळे. पावसाळ्यात वाट निसरडी म्हणून उजव्या हातात काठी घेऊ लागले. वर पोचून दोन्ही हात शेजारी धरले, तर डावा सुजलेला आणि काठी आवळून धरणारा उजवा जवळजवळ नेहमीसारखा! दुसऱ्या दिवशी काठी डाव्या हातात घेतली, तर सूज उजवीकडे. तेव्हापासून दर थोड्या वेळाने मुठी उघडमीट करते, हात डोक्यावर नेते, खांद्यातून गोल फिरवते. घड्याळाचा पट्टाही एक भोक सैल ठेवते.

पळणाऱ्यांना मात्र एक गोष्ट कळकळीने सांगते. आमच्याकडे यवतेश्वर घाटात हाफ मॅरेथॉन होते, तिच्या सरावाला पोरं तास न् तास पळतात आणि भीतीपोटी नुसतं पाणी पीत राहतात. तहानेपेक्षा फार जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. हात सुजलेत आणि सोबत उलटी, डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ असेल, तर थेट दवाखाना गाठायचा.

तसंच कायम एकच हात सुजत असेल, तो लाल, गरम किंवा दुखरा असेल, सूज काही तासांत उतरत नसेल, पायांवर किंवा तोंडावरही येत असेल, दम लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. गरोदर बाईने किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी काखेतल्या गाठी काढलेल्या बाईने तर थांबूच नये. तुमचे दोन्ही हात सारखे सुजतात नि लगेच उतरतात, त्यामुळे मला तरी यात आजार दिसत नाही. तरी मनाची खात्री व्हायला एकदा बीपी आणि लघवी तपासून घ्या.

आणि अंगठी घरी काढूनच निघा. माझी शेवटी सोनाराकडे कापावी लागली. सांधून आणलेली आता रोज पहाटे देव्हाऱ्यातल्या कुयरीत ठेवते आणि मगच दाराला कडी लावते.