मोठी विमान कंपनी स्वतःची स्वस्त कंपनी कशी उभी करते? आणि त्यातल्या इतक्या का बंद पडतात?

तुम्ही विचारलं आहे की मोठ्या विमान कंपनीने स्वस्त उपकंपनी काढायची ठरवली तर नेमकं काय काय करावं लागतं, आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वांटासची जेटस्टार किंवा सिंगापूर एअरलाइन्सची स्कूट टिकली, तर डेल्टाची साँग, युनायटेडची टेड आणि एअर फ्रान्सची जून का टिकल्या नाहीत. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. उपकंपनीचा खर्च खरोखर कमी आहे की फक्त तिचं तिकीट स्वस्त आहे, हे तपासा. बाकी सगळं त्यानंतर येतं.

खर्च मोजायचा तो दर आसनामागे, दर किलोमीटरला. एअरबस ए३२० घ्या. बिझनेस क्लास ठेवला तर त्यात साधारण १५० आसनं बसतात, सगळा इकॉनॉमी केला तर १८०. एका फेरीचा खर्च १०० धरला तर पहिल्या मांडणीत आसनामागे ०.६७ पडतात, दुसऱ्यात ०.५६. म्हणजे काहीही न बदलता, नुसत्या खुर्च्या वाढवून जवळपास १७ टक्के फरक पडला. प्रत्यक्षात तो थोडा कमी होतो, कारण बहुतेक देशांत दर ५० आसनांमागे एक केबिन क्रू असा नियम आहे. १५० आसनांना तिघे पुरतात, १५१ व्या आसनाला चौथा लागतो. युनायटेडच्या टेडने ए३२० मध्ये १५६ आसनं ठेवली होती. या हिशोबाने चौथ्या माणसाचा पगार फक्त सहा जादा आसनांवर पडतो. चौथा घ्यायचाच असेल तर १८० पर्यंत जाण्यात अर्थ आहे.

दुसरी बचत विमान जमिनीवर किती वेळ उभं राहतं यात असते, आणि ती आसनांपेक्षाही मोठी ठरू शकते. समजा एक उड्डाण ९० मिनिटांचं आहे आणि दिवस सकाळी ६ ते रात्री ११ असा १७ तासांचा आहे. दोन उड्डाणांच्या मध्ये ५५ मिनिटं लागत असतील तर कागदावर सात उड्डाणं बसतात. पण सात ही विषम संख्या आहे, विमान रात्री परगावी अडकतं, क्रूच्या हॉटेलचा आणि भत्त्याचा खर्च येतो. म्हणून बहुतेक वेळा सहाच उडवली जातात. हाच वेळ ३० मिनिटांवर आणला की आठ उड्डाणं होतात, विमान रात्री तळावर परत येतं, आणि दिवसभरातला उशीर पचवायला दीड तास हातात राहतो. तेच विमान, तेच भाडेपट्ट्याचे हप्ते, आणि सहाऐवजी आठ फेऱ्या.

ही ३० मिनिटं आपोआप मिळत नाहीत. त्यासाठी दोन्ही दारांना शिड्या लावून पुढून-मागून प्रवासी चढवावे लागतात. जेवणाच्या ट्रॉल्या दर फेरीला बदलायच्या नाहीत, दिवसाचा माल सकाळीच भरून ठेवायचा. सफाई केबिन क्रूने करायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या विमानातून येणाऱ्या प्रवाशाची आणि त्याच्या बॅगेची वाट बघायची नाही. नेमकी इथेच मूळ कंपनी आडवी येते. तिला वाटतं, आपले लांब पल्ल्याचे प्रवासी या उपकंपनीच्या विमानाने पुढे पाठवू. ते एकदा सुरू झालं की ३० चे ४५ होतात, आठव्या फेरीचा हिशोब बिघडतो, आणि मूळ फायदा निघून जातो. रात्री उड्डाणबंदी असलेल्या विमानतळावर तर फटका आणखी मोठा. सिडनीत रात्री ११ ते सकाळी ६ बंदी असते, तिथे संध्याकाळी साठलेला उशीर शेवटची फेरी थेट रद्द करायला लावतो.

आता माणसांकडे येऊ, कारण बहुतेक उपकंपन्या इथेच फसल्या. डेल्टाने एप्रिल २००३ मध्ये साँग काढली. बोइंग ७५७, १९९ आसनं, चामड्याच्या सीट, प्रत्येकासमोर पडदा, डिझायनरने केलेले गणवेश. प्रवाशांना आवडली. पण विमानं डेल्टाची, पायलट डेल्टाचे, करारही डेल्टाचा. खर्चाचा मोठा हिस्सा होता तसाच राहिला आणि तिकीट मात्र जेटब्लू या स्वस्त कंपनीशी स्पर्धेचं. सप्टेंबर २००५ मध्ये डेल्टाने दिवाळखोरी संरक्षण मागितलं आणि पुढच्या वसंतात साँग डेल्टात विरली. टेडची गोष्ट याहून सरळ आहे: ती वेगळी विमान कंपनी नव्हतीच. युनायटेडचीच विमानं, युनायटेडचेच कर्मचारी, फक्त रंग वेगळा. २००४ ला सुरू, २००९ च्या सुरुवातीला बंद. एअर फ्रान्सच्या जूनमध्ये केबिन क्रू नवा आणि कमी पगाराचा होता, पण पायलट एअर फ्रान्सचेच. डिसेंबर २०१७ ते जून २०१९, इतकंच तिचं आयुष्य.

मोठ्या कंपनीत पायलट संघटनेच्या करारात बहुधा असं कलम असतं की कंपनीचं उड्डाण आमच्या ज्येष्ठता यादीतल्या पायलटांनीच करायचं. उपकंपनी काढताना हे कलम आधी वाचावं. ते असेल तर तीनच वाटा उरतात: संघटनेशी नवा करार, आधीच वेगळा करार असलेली एखादी लहान कंपनी विकत घेणं, किंवा बेत सोडून देणं. नवा करार करायचा तर बदल्यात काहीतरी द्यावं लागतं, उदाहरणार्थ उपकंपनीच्या विमानांच्या संख्येवर मर्यादा किंवा मूळ कंपनीत कॅप्टनपदाची हमी. रंग लावून उड्डाणं सुरू करायची आणि करार नंतर बघू म्हणायचं, हे मला सर्वांत महागडं धोरण वाटतं. कारण एकदा विमानं उडायला लागली की वाटाघाटीत जोर दुसऱ्या बाजूला जातो.

क्वांटासने दुसरी वाट धरली, म्हणून जेटस्टारचं उदाहरण नीट समजून घेण्यासारखं आहे. ऑगस्ट २००० मध्ये ऑस्ट्रेलियात व्हर्जिन ब्लू ही स्वस्त कंपनी आली. सप्टेंबर २००१ मध्ये ॲन्सेट ही तिथली मोठी विमान कंपनी कोसळली आणि व्हर्जिन ब्लूला मोकळं मैदान मिळालं. क्वांटासने २००१ मध्येच इम्पल्स ही लहान कंपनी घेतली होती, तिच्याकडे बोइंग ७१७ विमानं होती आणि मनुष्यबळाचा खर्च क्वांटासपेक्षा कमी होता. ऑक्टोबर २००३ मध्ये जेटस्टारची घोषणा झाली, २५ मे २००४ ला पहिलं उड्डाण. सुरुवात या ७१७ विमानांवर झाली, मग ए३२० आले. जेटस्टारचे मुख्य कार्यकारी ॲलन जॉइस पुढे २००८ मध्ये खुद्द क्वांटासचे प्रमुख झाले. घोषणेपासून उड्डाणापर्यंत सातच महिने लागले, कारण चालू कंपनी हाताशी होती. सिंगापूर एअरलाइन्सने स्कूट नव्याने उभी केली, तिची घोषणा मे २०११ ची आणि पहिलं उड्डाण ४ जून २०१२ चं. कोऱ्या पाटीवर सुरुवात केली की एवढा फरक पडतो.

हा वेळ कुठे जातो? मुख्यतः एअर ऑपरेटर सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे विमान कंपनी चालवण्यासाठी नियामकाकडून लागणाऱ्या प्रमाणपत्रात, ज्याला सगळे एओसी म्हणतात. अर्जापूर्वीची चर्चा, रीतसर अर्ज, कागदपत्रांची छाननी, प्रात्यक्षिक व तपासणी, आणि शेवटी प्रमाणपत्र, असे पाच टप्पे. जबाबदार व्यवस्थापक, उड्डाण, देखभाल, प्रशिक्षण, जमिनीवरची कामं आणि सुरक्षा या प्रत्येक पदासाठी नियामकाला मान्य होईल असा माणूस आधी नेमावा लागतो. सगळ्यात जास्त वेळ छाननीत जातो. मूळ कंपनीची मॅन्युअल नाव बदलून दिली की ती परत येतात, कारण त्यात मूळ कंपनीची रचना, तिची पदं, तिचे तळ असतात. उपकंपनीत दहा माणसांचं काम तीन माणसं करणार असतील तर मॅन्युअलमध्ये तसंच लिहिलेलं हवं. प्रात्यक्षिक उड्डाणांत तपासनीस मुद्दाम अडचण घालतात: विमान दुसरीकडे वळवायला सांगतात, एखादा भाग नादुरुस्त आहे असं समजा म्हणतात, आणि नियंत्रण कक्ष काय करतो ते पाहतात. तोपर्यंत पायलटांचे पगार, विमानांची भाडी चालूच असतात. म्हणून विमानं प्रमाणपत्राच्या आधी फार लवकर घेऊ नयेत.

परदेशात उपकंपनी काढायची तर मालकी आणि नियंत्रणाचा प्रश्न येतो. जेटस्टार हाँगकाँगची घोषणा २०१२ ची. विमानं आली, माणसं नेमली गेली, पण जून २०१५ मध्ये परवाना नाकारला गेला. कारण असं दिलं गेलं की कंपनीचे मुख्य निर्णय हाँगकाँगमध्ये स्वतंत्रपणे घेतले जातात हे सिद्ध होत नाही. कमी खर्चासाठी सगळं केंद्रातून चालवावं लागतं, आणि परवान्यासाठी ते स्थानिक असल्याचं दाखवावं लागतं, हा पेच तिथे सुटला नाही.

मार्गांची वाटणी हा दुसरा कळीचा मुद्दा. नियम लेखी हवा आणि तो उपकंपनी सुरू होण्याआधी हवा. क्वांटासने ढोबळमानाने व्यावसायिक प्रवाशांचे मार्ग स्वतःकडे ठेवले आणि गोल्ड कोस्टसारखे सुटीचे मार्ग जेटस्टारला दिले. लुफ्तहान्साने २०१३ पासून युरोपातले, फ्रँकफर्ट आणि म्युनिक सोडून इतर जर्मन शहरांमधले मार्ग जर्मनविंग्ज या आपल्या स्वस्त उपकंपनीकडे वळवले. जपानच्या एएनए या विमान कंपनीने आपली स्वस्त कंपनी पीच टोकियोच्या हनेदापासून दूर, ओसाकाजवळच्या कन्साई विमानतळावर वसवली, आणि कन्साई चोवीस तास उघडं असल्याने विमानांचा वापरही वाढला. एअर इंडिया एक्सप्रेस २९ एप्रिल २००५ ला तिरुअनंतपुरम–अबू धाबी मार्गावर निघाली. केरळ आणि आखात यांच्यात ये-जा करणाऱ्या कामगारांना कमी भाडं आणि थेट उड्डाण हवं होतं, बिझनेस क्लासला तिथे गिऱ्हाईक कमी. तिथे मूळ कंपनीने हटणंच शहाणपणाचं होतं.

स्वतःचे प्रवासी उपकंपनीकडे जातात ही तक्रार मूळ कंपनीत पहिल्या दिवसापासून असते. तिचं उत्तर हिशोबाने द्यावं. ज्या मार्गावर मूळ कंपनी पैसे गमावते तिथे उपकंपनी गेली तर गेलेला प्रवासी हा तोटा नव्हे. ज्या मार्गावर ती कमावते तिथे उपकंपनी नेली तर नक्कीच तोटा. तिसरी शक्यता अशी की आपण गेलो नाही तरी प्रतिस्पर्धी जाणारच आहे. हा तिसरा प्रकार ओळखणं अवघड, आणि व्यवस्थापन बहुधा तिथेच चुकतं. ब्रिटिश एअरवेजने १९९८ मध्ये लंडनच्या स्टॅनस्टेड विमानतळावरून गो ही स्वस्त उपकंपनी सुरू केली. तिच्या प्रमुख बार्बरा कसानी यांनी ती उत्तम बांधली. ब्रिटिश एअरवेजचं नेतृत्व बदललं, उपकंपनी आपलेच प्रवासी खाते असं ठरलं, आणि २००१ मध्ये सुमारे ११ कोटी पौंडांना ती विकली गेली. वर्षभरात ईझीजेट या प्रतिस्पर्धी स्वस्त कंपनीने तीच ३७.४ कोटी पौंडांना घेतली. प्रवासी तर स्वस्त विमानांकडे गेलेच, फक्त ते प्रतिस्पर्ध्याच्या विमानात बसले.

मूळ कंपनीकडून काय घ्यावं? विमानांची एकत्रित खरेदी, विमा, इंधनाचे करार, इंजिन देखभालीचे करार. यात मोठ्या आकाराचा फायदा मिळतो आणि स्वातंत्र्य जात नाही. काय घेऊ नये? क्रू, गेट, चेक-इन काउंटर, आरक्षण प्रणाली आणि मुख्यालयाचा वाटून आलेला खर्च. जेटस्टार नॅव्हिटेअरच्या आरक्षण प्रणालीवर चालते आणि क्वांटास अमेडियसच्या. जोड-तिकिटं विकताना यामुळे त्रास होतो: एका बाजूला बदललेली वेळ दुसरीकडे उशिरा पोचते, जादा सामानाचे पैसे भरलेले दिसत नाहीत. तरीही नॅव्हिटेअरसारखी प्रणाली स्वस्त आहे, आणि आसन, बॅग, जेवण सुटं विकण्यासाठीच ती घडवलेली आहे. जी सेवा मूळ कंपनीकडून घेतली जाईल तिचा दर बाजारभावाने लावावा. मायेपोटी कमी दर लावले तर उपकंपनी नफ्यात दिसते आणि चुकीच्या ठिकाणी विस्तारते.

विमानाचा एकच प्रकार ठेवणंही महत्त्वाचं आहे. फक्त ए३२० चं प्रशिक्षण असलेला पायलट बोइंग ७३७ उडवू शकत नाही, म्हणजे आजारी पायलटाच्या जागी राखीव ठेवायचे ते दोन वेगळे गट. सुटे भाग, सिम्युलेटर, तंत्रज्ञांचे परवाने, सगळं दुप्पट. १ ऑक्टोबर २०२४ ला एअरएशिया इंडियाची उत्तराधिकारी एआयएक्स कनेक्ट एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये विलीन झाली आणि नेमकी हीच स्थिती आली: एकीकडची ७३७, दुसरीकडची ए३२०, शिवाय दोन कंपन्यांच्या वेगळ्या सेवाशर्ती. मे २०२४ मध्ये, विलीनीकरणाच्या आधीच, केबिन क्रूने एकाच वेळी आजारपणाच्या रजा टाकल्या आणि उड्डाणं कोलमडली. विलीनीकरणात ताफा जुळवायला वर्षं लागतात, पण पगार आणि पदं जुळवण्याचं काम पहिल्याच महिन्यात सुरू व्हायला हवं.

एखादी उपकंपनी टिकेल का हे बाहेरून ओळखायचं तर पुढच्या गोष्टी बघा. तिची एओसी वेगळी आहे का. पायलट कोणाच्या करारावर आहेत. विमान दिवसाला किती तास उडतं: छोट्या पल्ल्यावर १२ च्या आसपास असेल तर चांगलं, ९ असेल तर शंका घ्यावी. तिचा प्रमुख मूळ कंपनीत किती वर आहे आणि मार्गाच्या वादात त्याचं कोणी ऐकतं का, हेही बघा. पीचचे शिनिची इनोउए २०२२ मध्ये एएनएचे अध्यक्ष झाले, जॉइस यांचं वर आलंच आहे. उपकंपनी चालवणं ही जिथे शिक्षेची नेमणूक समजली जाते तिथे चांगली माणसं तिकडे जात नाहीत, आणि मंदी आली की सर्वांत आधी तिच्याच फेऱ्या कापल्या जातात.