अमेरिकेत सीबीडी आणि डेल्टा-८ दोन्ही मिळतं, फरक काय आणि कुठलं घ्यावं?

दोन्ही हेम्पमधलेच (हेम्प म्हणजे गांजाच्याच जातीचं, पण नशेचा घटक अगदी कमी असलेलं झाड) घटक, पण परिणाम अगदी वेगळा. सीबीडीने नशा होत नाही, डेल्टा-८ ने होते, गांजातल्या डेल्टा-९ (त्यातला नशा आणणारा मुख्य घटक) पेक्षा कमी पण होतेच, आणि ते बहुतेक वेळा सीबीडीवरच लॅबमध्ये केमिकल प्रक्रिया करून बनवतात त्यामुळे त्यात काय काय उरलंय याचीच मला जास्त काळजी वाटते. २०१८ च्या फार्म बिलनंतर, म्हणजे हेम्पला कायदेशीर करणाऱ्या अमेरिकी कायद्यानंतर, हे विकणारी दुकानं वाढली, तरी डेल्टा-८ वर बऱ्याच राज्यांत बंदी आहे. नोकरीसाठी ड्रग टेस्ट असेल तर त्याला हातच लावू नका, पॉझिटिव्ह येऊ शकते. आईबाबांना सीबीडी द्यायचं असेल आणि ते रक्त पातळ करायची गोळी, म्हणजे वॉरफरिन वगैरे, घेत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. भारतात येताना डेल्टा-८ च्या गमीज (चघळायच्या गोळ्या) बॅगेत नकोतच, इथे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा, कायदा आहे.