ऊन उतरलं, स्लॅब अजून तापलेलाच: उन्हाळा सरतानाची प्रश्नोत्तरे

उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाचक मला उन्हाबद्दल विचारतात, सरत्या उन्हाळ्यात रात्रीबद्दल. या वेळी आलेल्या प्रश्नांमध्येही झोप न लागणं, अंग चिकचिकणं, कुबट वास, डास हेच जास्त आहे. इमारतींच्या पाहणीचं काम मी बरीच वर्षं करते आहे आणि दरवर्षी हेच सांगते: या दिवसांत उष्णता आकाशापेक्षा आपल्या भिंतींत, स्लॅबमध्ये आणि टाकीत जास्त साठलेली असते. हवेतला दमटपणाही वाढू लागलेला असतो. एप्रिलसारख्या कोरड्या दिवसांत कामी आलेले उपाय म्हणूनच आता निकामी वाटतात.

ताई, आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. रात्री दहाला बाल्कनीत छान वारा असतो, पण आत पाऊल टाकलं की भट्टी. पंखा लावला तर गरम हवाच अंगावर येते. घरात काही चुकलंय का?

घरात काही चुकलेलं नाही. आज रात्री एक करून बघा. नऊच्या सुमारास स्टुलावर उभं राहून (पंखा बंद करूनच) एक तळहात छताला आणि दुसरा आतल्या एखाद्या भिंतीला लावा. छताचा कोमटपणा हाताला लगेच कळेल. पाच-सहा इंची काँक्रीट स्लॅब दिवसभर ऊन पीत असतो आणि ती उष्णता वरून खाली पोचायला काही तास घेते. दुपारी दोनचं ऊन तुमच्या पलंगावर संध्याकाळनंतर उतरतं ते असं. त्यातून तापलेलं छत नुसती हवा तापवत नाही, ते थेट तुमच्या अंगावर उष्णता फेकत असतं. म्हणून खोलीतली हवा बरी असली तरी उताणं झोपलं की तगमग होते. छताला चिकटलेला गरम हवेचा थर पंखा खाली ढकलतो, ते वेगळंच.

खरा इलाज गच्चीवर आहे. जुनं, काळवंडलेलं सिमेंट अंगावर पडणाऱ्या उन्हातलं अर्ध्याहून अधिक शोषून घेतं, तर ताजा पांढरा परावर्तक लेप बहुतेक ऊन परत पाठवतो. पण घाईने रंग फासू नका. आधी गच्ची घासून धुवा, भेगा भरून घ्या, पूर्ण वाळू द्या आणि मगच लेप लावा. धुळीवर लावलेला लेप पापुद्रे धरतो आणि पुढच्या वर्षी गच्ची पुन्हा करडी दिसते. लेप स्वच्छ असेल तोवरच काम करतो, म्हणून त्यावर बसलेली धूळ अधूनमधून धुवावी लागते. गच्ची सगळ्यांची असल्यामुळे सोसायटीची संमती घ्या. हे काम कोरड्या दिवसांतच होतं, तेव्हा यंदा करायचं असेल तर हवा पालटायच्या आत उरका.

लेप शक्य नसेल तर हिरवी जाळी लावा, मात्र ती स्लॅबवर अंथरू नका. फूट-दीड फूट उंच ताणा, म्हणजे खालून वारा खेळतो. गच्चीवर पाणी शिंपडण्याबद्दलही विचारणा होते. बाष्पीभवनामुळे स्लॅब गार होतो हे खरं आहे. पण स्लॅबला आधीच ओल धरत असेल तर हे अजिबात करू नका. आतल्या सळ्या गंजल्या की दुरुस्तीचा व्याप फार मोठा असतो. ज्या घरांत छताचं प्लॅस्टर फुगून खाली आलंय, तिथे मी बहुतेक वेळा पाणीच दोषी ठरलेलं पाहिलंय.

तोवर रात्रीचं काय? दोन साधे तापमापक घ्या, एक आत, एक बाहेर सावलीत. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि टेबल पंखा एका खिडकीत बाहेर तोंड करून लावा. तो गरम हवा बाहेर काढतो, दुसऱ्या खिडकीतून गार हवा आपोआप आत येते. सकाळी बाहेरचा आकडा वर जाऊ लागला की सगळं बंद. बहुतेक घरांत नेमकं उलट चालतं: दुपारी 'हवा यावी' म्हणून खिडक्या सताड उघड्या आणि रात्री बंद.

पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदे आहेत, तरी खोली संध्याकाळी तापतेच. आणखी जाड घ्यावेत का?

नको. ऊन काचेतून आत आलं की पडद्यावर पडतं, पडदा तापतो आणि ती उष्णता काचेतून सहजी बाहेर जात नाही. म्हणजे आतला पडदा उजेड अडवतो, उष्णता मात्र घरातच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवा: बांबूची चिक, जाळी, कुंड्यांतल्या वेलीची उभी भिंत, काहीही चालेल. पश्चिमेला आडवा छज्जा फारसा उपयोगी पडत नाही, कारण मावळतीचं ऊन तिरपं, छज्ज्याच्या खालून येतं. तिथे उभा आडोसाच लागतो.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचा प्रश्न: सगळ्यांत मोठा दिवस २१ जूनला, मग काही देशांत सगळ्यांत जास्त उकाडा जुलै-ऑगस्टमध्ये का?

मुलीला शाबासकी द्या, फार छान विचारलंय. पृथ्वीही तुमच्या स्लॅबसारखीच वागते. २१ जूननंतर उत्तर गोलार्धात ऊन हळूहळू कमी होऊ लागतं, पण जमीन आणि विशेषतः समुद्र रोज जेवढी उष्णता घेतात तेवढी अजून परत देत नसतात. जमा खर्चापेक्षा जास्त आहे तोवर शिल्लक वाढतच जाते. म्हणून जिथे मध्येच मोठा पावसाळा येत नाही तिथे उकाड्याचा कळस काही आठवडे उशिरा येतो. दिवसाचंही तसंच: सूर्य डोक्यावर बाराच्या सुमारास, पण पारा सर्वांत वर जातो तो दुपारी दोन-तीननंतर.

तिला हेही सांगा की पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते ती ४ जुलैच्या आसपास, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती जवळजवळ ५० लाख किलोमीटर जवळ असते. उन्हाळा अंतरामुळे होत नाही, पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे होतो. प्राचीन रोमन लोक या उकाड्याचा दोष व्याधाच्या ताऱ्याला देत. तो या सुमारास पहाटे सूर्याबरोबर उगवू लागे आणि त्याची धग सूर्याच्या धगीत मिसळते असं त्यांना वाटे. इंग्रजीत या दिवसांना 'कुत्र्याचे दिवस' म्हणतात ते त्यावरूनच, कारण तो तारा बृहल्लुब्धक या मोठ्या कुत्र्याच्या तारकासमूहातला. प्रत्यक्षात व्याध आपल्यापासून साडेआठ प्रकाशवर्षांहून दूर आहे. त्याची धग इथवर पोचत नाही.

एसी १६ वर ठेवला की खोली लवकर गार होते असं यजमान म्हणतात, मी २६ म्हणते. कोण बरोबर? आणि 'दीड टन' म्हणजे नेमकं काय?

जुन्या धाटणीच्या एसीचा कंप्रेसर एक तर पूर्ण जोरात चालतो नाहीतर बंद असतो. १६ वर ठेवला काय किंवा २६ वर, सुरुवातीचा गारवा त्याच वेगाने येतो. फरक इतकाच की १६ वर तो थांबतच नाही. इन्व्हर्टर एसी कमी-जास्त वेगाने चालतो, पण त्यालाही १६ गाठायला विनाकारण राबावं लागतं. २५-२६ वर एसी आणि सोबत मंद पंखा ही जोडी मला सर्वांत पटते. तुम्ही बरोबर आहात.

टनाचा संबंध यंत्राच्या वजनाशी नाही, बर्फाशी आहे. एसी येण्याआधी गारवा बर्फाच्या लाद्यांनी मिळे. शून्य अंशावरचा एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी खोलीतून बाहेर काढणारा तो 'एक टनाचा' एसी. हे साधारण साडेतीन किलोवॅट होतात.

सरत्या उन्हाळ्यात खरा त्रास दमटपणाचा असतो, आणि एसीचा जन्मच त्यासाठी झाला. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत-आकसत असे आणि रंगीत छपाईतले रंग एकमेकांवर नीट बसत नसत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतलं पाणी काबूत ठेवणारी यंत्रणा आखली, ती माणसांसाठी नव्हे, कागदासाठी. म्हणून पारा फार नसेल पण अंग चिकचिकत असेल तेव्हा रिमोटवरचा 'ड्राय' मोड वापरून बघा. त्यात पंखा मंद होतो आणि यंत्र मुख्यतः हवेतला ओलावा काढतं. आणि दर पंधरवड्याला फिल्टर धुवा. जाळीवर लोकरीसारखा राखी थर बसला असेल तर हवा पुढे जातच नाही, मग आकडा कुठेही ठेवा.

कडक उन्हाळ्यात कूलर छान चालला, आता मात्र घर दमट गुहेसारखं होतं. दुरुस्तीला द्यावा का?

कूलर ठीक आहे, हवा बदलली. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून घेतं, कूलरचा सगळा गारवा त्यातूनच येतो. हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर पाणी उडत नाही आणि उरतो तो नुसता दमटपणा. पंप बंद करून फक्त पंखा चालू ठेवा, खिडकी उघडी ठेवा. टाकी रिकामी करून, घासून, वाळवून ठेवा. पंख्याबाबत एक सावधगिरी: खोलीतला पारा ४० अंशांच्या वर गेला की नुसता पंखा अंग गार करण्याऐवजी तापवतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे. घरात वयस्कर माणसं असतील तर अशा वेळी ओल्या कापडाने अंग पुसून द्या आणि त्यांना घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवा.

बाल्कनीतली झाडं दुपारी माना टाकतात. मी दिवसातून तीनदा पाणी घालते, तरी पानं पिवळी पडताहेत. आणि डास फार झालेत.

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे, जास्तीचं पाणी. दुपारी पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या ओढण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो, म्हणून पानं मलूल होतात. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली तर झाडाला काही झालेलं नाही. बोट दोन पेरं मातीत घाला. टोकाला ओल लागली तर पाणी नको. हवा दमट झाली की माती उशिरा वाळते आणि तीनदा घातलेल्या पाण्यात मुळं गुदमरून कुजतात. पिवळी पानं त्याचीच खूण. सकाळी एकदा, मुळाशी, पोटभर पाणी पुरे. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या उन्हाच्या बाजूने चटका बसेल इतक्या तापतात, त्यांच्यापुढे दुसरी मोठी कुंडी सावलीसाठी ठेवा.

दुपारी पाणी घातलं तर थेंबांचं भिंग होऊन पानं जळतात, असं तुम्ही ऐकलं असेल. हंगेरीतल्या गाबोर होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी हे तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले: गुळगुळीत पानांवर असं होत नाही. लव असलेल्या पानांवर थेंब केसांच्या टोकांवर तरंगत राहतो, तिथे मात्र डाग पडू शकतात.

आता डास. कुंडीखालची ताटली उचलून उजेडात धरा. पाण्याच्या रेषेच्या जरा वर काळे, बारीक ठिपके चिकटलेले दिसले तर ती डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी असू शकतात. ती कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून पाणी नुसतं ओतून देऊ नका, ताटली ब्रशने खरवडून घासा. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा आठवड्याचा एक वार ठरवून टाका. त्याच दिवशी फ्रिजच्या मागे, खाली कंप्रेसरजवळ असलेलं पाण्याचं भांडंही बघा, ते हमखास विसरलं जातं.

पंधरा दिवस गावाला जाऊन आलो तर बाथरूममध्ये उग्र वास आणि झुरळं. प्लंबर म्हणतो, लादी फोडावी लागेल.

आधी एक बादली पाणी ओता, मग लादीचं बघू. तुमच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी उडून गेलंय. जाळीखाली नळीला जो बाक असतो त्यात नेहमी थोडं पाणी थांबतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. उकाड्यात ते न वापरता काही आठवड्यांत आटतं आणि मग वास, झुरळं, सगळ्यांना रस्ता मोकळा. या वाकड्या नळीचं पेटंट १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने घेतलं होतं. पुढच्या वेळी निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर बिनवासाचं मिनरल ऑइल घाला. तेलाच्या तवंगाखाली पाणी लवकर उडत नाही. पाणी ओतून दोन दिवसांनीही वास राहिला, तर प्लंबरचं म्हणणं ऐकायला हरकत नाही.

परतल्यावर आणखी एक काम आठवणीने करा. बंद घरातल्या नळ्यांत कोमट पाणी साचून राहतं आणि साधारण २० ते ४५ अंशांत लिजिओनेला हा जीवाणू वाढतो. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात 'अमेरिकन लिजन' या माजी सैनिकांच्या संघटनेच्या मेळाव्यात त्याची साथ आली, त्या संघटनेवरून त्याला हे नाव पडलं. तो पिण्यातून नव्हे, बारीक तुषार श्वासातून आत गेल्याने बाधतो. म्हणून आल्याआल्या शॉवरखाली उभे राहू नका. खिडकी उघडा, शॉवरचं तोंड बादलीत बुडवून काही मिनिटं पाणी वाहू द्या.

वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी आमच्या सुकत घातलेल्या कपड्यांवर ठिबकतं. दोनदा सांगितलं, आता बोलणंही बंद झालंय. काय करावं?

दमट दिवसांत एक एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणीही काढू शकतो, त्यामुळे हे ठिबकणं आताच वाढलेलं असणार. बहुतेक वेळा निचऱ्याची नळी भिंतीबाहेर नुसती लोंबत सोडलेली असते, किंवा आत शेवाळ धरून तुंबलेली असते. शेजाऱ्यांनाही हे दिसत नसतं, कारण त्यांच्या घरात थेंबही पडत नाही. ठिबकताना वर बघून, नळी नेमकी कुठे संपते त्याचा फोटो काढा आणि तो घेऊन जा. तक्रार नको, एवढंच म्हणा: 'नळी दोन हात लांबवून पावसाच्या पाइपपाशी न्यायची आहे, माणूस मी बोलावतो, तुम्हाला कधी सोयीचं पडेल?' काम अर्ध्या तासाचं आहे. नळी पाइपला जोडता येत नसेल तर त्यांच्याच बाल्कनीत बादली ठेवायला सांगा. ते पाणी लादी पुसायला उत्तम, पिण्यासाठी मात्र वापरू नये.